बायपॅप श्वास तोडतंय, पोट फुगतंय? प्रेशर कमी करून घ्यायच्या आधी हे तपासा

झोपेत घसा मिटून श्वास थांबतो त्या स्लीप अ‍ॅप्नियासाठी रात्री मास्कमधून हवा ढकलणारं मशीन म्हणजे बायपॅप, आणि त्याबद्दलचा प्रश्न नेहमी तोच असतो, फक्त शब्द वेगळे. कोणी म्हणतं मशीन लावलं की गुदमरतं, कोणी म्हणतं मी श्वास घेत असते आणि हे मधेच सोडून देतं, कोणाचं पोट सकाळी टम्म. आणि सगळ्यांना उत्तर पण एकच मिळतं, "प्रेशर कमी करून घ्या." मग डीलरचा माणूस घरी येतो, चार बटणं दाबून १६ चं १३ करतो, चहा पिऊन जातो, पहिली रात्र जरा बरी जाते आणि आठवड्यात घोरणं परत सुरू, दुपारी ऑफिसात डोळे मिटतायत ते परत सुरू, आणि घरचे म्हणतात एवढे पैसे घालवून काय उपयोग झाला. मी स्वतः बायपॅप वापरते, नातेवाईकांत आणि सोसायटीत अजून दोघं-तिघं वापरतात, आणि माझं मत असं झालंय की बऱ्याच वेळा त्रास प्रेशरच्या आकड्याचा नसतोच, त्रास वेळेचा असतो, म्हणजे मशीन कधी ढकलतं आणि कधी सोडतं याचा. ते प्रेशर कमी करून सुटत नाही, फक्त झाकलं जातं.

थोडं मूळ सांगते, नवीन लोकांसाठी. साधं सीपॅप म्हणजे रात्रभर एकच दाब, १९८१ साली ऑस्ट्रेलियात कॉलिन सुलिव्हन यांनी हे पहिल्यांदा छापून आणलं. त्यात अडचण ही की श्वास सोडतानाही त्याच दाबाविरुद्ध सोडावा लागतो, १४-१५ ला ते कित्येकांना जमत नाही. बायपॅपमध्ये दोन दाब असतात, आत घेताना जास्तीचा तो आयपॅप, सोडताना कमी तो ईपॅप, आणि दोघांतला फरक म्हणजे प्रेशर सपोर्ट. ईपॅपचं काम घसा उघडा धरून ठेवणं, तो कमी पडला की घसा पूर्ण बंद होतो. आयपॅप त्याच्या वरचं काम करतो, अर्धवट अडकलेला श्वास, उरलंसुरलं घोरणं वगैरे. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनच्या २००८ च्या सूचनांमध्ये सुरुवात आयपॅप ८ आणि ईपॅप ४ अशी सांगितली आहे, फरक कमीत कमी ४ आणि जास्तीत जास्त १०, आणि मोठ्या माणसांना आयपॅप ३० च्या वर नाही. एवढं माहीत असलं की डीलरच्या माणसाने "दोन्ही दोन-दोनने उतरवले" असं सांगितल्यावर नेमकं काय उतरवलं ते कळतं. आयपॅप एकाने कमी केला तर बहुतेक वेळा निभतं, ईपॅप कमी केला तर अ‍ॅप्निया परत येण्याची शक्यता जास्त.

आता एक गोष्ट स्पष्ट सांगून टाकते म्हणजे नंतर वाद नको. दाबाचे आकडे आणि मोड डॉक्टरचे. ज्यांना सीओपीडी (फुफ्फुसांचा जुनाट आजार) आहे, लठ्ठपणामुळे कार्बन डायऑक्साइड साठतो, स्नायूंचा आजार आहे, हार्टचं पंपिंग कमी आहे किंवा मशीन एसटी मोडवर आहे, म्हणजे ठरावीक वेळात तुम्ही श्वास घेतला नाहीत तर ते स्वतः देतं, त्यांनी खाली लिहिलेलं वाचून डॉक्टरशी बोलावं, मेन्यूत शिरू नये. बाकीच्यांनीही क्लिनिकल मेन्यूतली, म्हणजे रुग्णासाठी नसलेल्या मेन्यूतली, सेटिंग डॉक्टर किंवा त्यांच्या टेक्निशियनकडूनच बदलून घ्यायची. पण त्यांच्याकडे जाऊन "त्रास होतो" एवढंच म्हटलं तर ते प्रेशरच उतरवणार, त्यांचाही दोष नाही, त्यांना दुसरं काही कळायला मार्गच नसतो. श्वासाच्या कुठल्या टप्प्यावर काय होतं हे सांगितलंत तर वेगळं काहीतरी होईल.

टप्प्याच्या आधी लीक. हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका, कारण मशीन तुमचा श्वास हवेच्या प्रवाहावरून ओळखतं आणि मास्क गळत असेल तर त्याला कळतच नाही की हवा फुफ्फुसात जातेय की गालावरून बाहेर. मग ते उगाच ढकलतं किंवा ढकलणं थांबवतच नाही, आणि आपण म्हणतो सेटिंग बिघडलं. रेसमेड कंपनीच्या मशीनवर मिनिटाला २४ लिटरच्या वर लीक गेलं की ते जास्त धरतात, काही कंपन्या एकूण लीक दाखवतात ज्यात मास्कच्या भोकांतून मुद्दाम सोडलेली हवाही धरलेली असते, त्यामुळे दोन मशीनचे आकडे शेजारी ठेवून घाबरू नका. मास्क बसून, आरशासमोर, मशीन बंद ठेवून लावू नका. आडवे व्हा, मशीन चालू करा, दाब पूर्ण येऊ दे, मग कुशन चेहऱ्यापासून जरासं उचलून परत बसू द्या आणि पट्टे तेवढेच ओढा जेवढ्याने गळती थांबते. जास्त ओढलं तर कुशन चपटं होऊन उलट जास्त गळतं आणि नाकाच्या हाडावर व्रण पडतो तो वेगळाच. रात्री तोंडाला क्रीम लावून झोपायची सवय असेल तर मास्कच्या कडेखाली लावू नका, सिलिकॉन घसरतं. मुंबईच्या घामात तर कुशन रोज सकाळी साध्या सौम्य साबणाने धुवायलाच लागतं, आठवड्यातून एकदा वगैरे इथे चालत नाही. आणि मशीनच्या मेन्यूत मास्कचा प्रकार निवडायचा असतो, फुल फेस (नाक-तोंड दोन्ही झाकणारा), नेझल (फक्त नाकावरचा), पिलोज (नाकपुड्यांशी बसणारा). नवीन मास्क प्रिन्सेस स्ट्रीटवरून स्वस्तात आणला आणि मेन्यूत जुनाच प्रकार राहिला, हे खूप वेळा बघितलंय.

लीक ठीक आहे आणि तरी त्रास आहे, मग पुढे वाचा.

श्वास घ्यायला सुरुवात करतानाच ओढावं लागतंय, म्हणजे मी घ्यायला लागले तरी मशीन क्षणभर झोपलेलंच असतं असं वाटत असेल तर तो ट्रिगर. ट्रिगरचं सेटिंग "हाय" केलं की मशीन हलक्या इशाऱ्यावर जागं होतं, "लो" केलं की जोर लावावा लागतो. उलट त्रास पण असतो, तुम्ही काहीच केलेलं नाही आणि मशीनने ढकललं, तेव्हा ट्रिगर जास्त नाजूक झालेला असतो किंवा लीक आहे किंवा ट्यूबमध्ये पाणी साठून हलतंय. काही मशीन ट्रिगर आपोआपच सांभाळतात, त्यांच्यात हा पर्याय दिसणार नाही.

सुरुवातीला हवा धाडकन येते, नाकात आपटल्यासारखी, आणि त्या दचक्यानेच झोप उडते, तर तो राइज टाइम, म्हणजे ईपॅपवरून आयपॅपवर चढायला मशीन किती वेळ घेतं ते. काही मशीनवर तो मिलिसेकंदात असतो, १५० पासून ९०० पर्यंत, काहींवर १ ते ६ असे आकडे, त्यात एक आकडा साधारण एक दशांश सेकंद. ज्यांना हवेची भूक असते, दम लागतो, त्यांना कमी राइज टाइम बरा वाटतो, ज्यांना दचकायला होतं त्यांना जास्त. ऑटो मोडमध्ये, म्हणजे दाब मशीनच कमी-जास्त करतं तेव्हा, काही मशीन चढण्याचा वेग स्वतःच ठरवतात, तिथे राइज टाइम सापडणार नाही, शोधत बसू नका.

आता खरी गंमत शेवटच्या टप्प्याची, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. मशीनला कसं कळतं की तुमचा श्वास घेऊन झाला? हवेचा प्रवाह आधी वाढतो, शिखराला पोचतो, मग उतरायला लागतो. तो शिखराच्या ठरावीक भागापर्यंत, बऱ्याच मशीनवर मधल्या सेटिंगला साधारण पाव भागापर्यंत उतरला की मशीन म्हणतं झालं, आणि ईपॅपवर येतं. याला सायकल म्हणतात. इथे "हाय" म्हणजे लवकर सोडणार, "लो" म्हणजे उशिरापर्यंत धरून ठेवणार, आणि लोक नेमकं हेच उलटं समजतात. त्यावर परत दोन कुंपणं असतात, टीआय मिन आणि टीआय मॅक्स, म्हणजे आत घेण्याचा कमीत कमी आणि जास्तीत जास्त वेळ, काही झालं तरी याच्या आधी सोडायचं नाही आणि याच्यापुढे ढकलायचं नाही.

म्हणून मशीन श्वास तोडतंय असं वाटत असेल, म्हणजे अजून थोडं घ्यायचं होतं आणि हवा गेली, तर एकतर टीआय मॅक्स तुमच्या श्वासापेक्षा छोटा आहे किंवा सायकल फार लवकर होतेय. आणि उलट, तुम्हाला सोडायचंय आणि मशीन अजून आत ढकलतंय, दादरला उतरायचं असताना चढणारे आत रेटतात तसं, तर टीआय मॅक्स मोठा आहे किंवा सायकल "लो" आहे किंवा लीकमुळे प्रवाह पाव भागापर्यंत उतरतच नाहीये. या दुसऱ्या प्रकाराला लोक "प्रेशर सहन होत नाही" म्हणतात. तिथे दाब कमी केला तर ढकलणं हलकं होतं म्हणून बरं वाटतं, पण चुकीच्या वेळी ढकलणं चालूच.

हे मोजता येतं, त्याला डॉक्टर लागत नाही. रात्री आडवे पडा, मास्क न लावता, दहा-पंधरा मिनिटं जाऊ द्या, आणि घरच्या कोणालातरी मोबाईलचं घड्याळ लावून तुमची छाती मिनिटात किती वेळा वर येते ते गुपचूप मोजायला सांगा, स्वतः मोजलंत तर श्वास बदलतोच. मिनिटाला १५ आले तर एक श्वास ४ सेकंदांचा, त्यातला साधारण तिसरा हिस्सा किंवा थोडा जास्त आत घेण्याचा, म्हणजे १.३ ते १.६ सेकंद. मिनिटाला १२ आले तर श्वास ५ सेकंदांचा आणि आत घेणं १.७ ते २ पर्यंत. माझ्या डोंबिवलीच्या मावशीचं असंच होतं, तिचा श्वास अगदी सावकाश, झोपेत मिनिटाला ११-१२, आणि मशीनवर टीआय मॅक्स होता १.२. तिला प्रत्येक श्वासाला वाटायचं कोणीतरी ताट पुढून ओढून घेतलं. शिवाय राइज टाइम ६०० ठेवलेला, "आजीबाईंना हळू बरं" म्हणून, म्हणजे १.२ सेकंदातले निम्मे तर वर चढण्यातच गेले आणि पूर्ण दाब मिळतो न मिळतो तोच बंद. डीलरने आधी प्रेशर कमी केलं होतं, ते डॉक्टरांनी परत जागेवर आणलं, टीआय मॅक्स २ केला, राइज टाइम उतरवला, आणि मावशीचं पहिलं वाक्य "अगं, हे दुसरं मशीन दिलं का?"

सुरुवातीलाच गुदमरणं हा वेगळा प्रकार. मास्क लावला, दिवा बंद केला आणि पहिल्या पाच मिनिटांतच काढून फेकावासा वाटतो. इथे बहुतेक वेळा दाब जास्त नसून कमी असतो! रॅम्प, म्हणजे कमी दाबापासून हळूहळू वर चढण्याची सोय, चालू असतो आणि तो ४ पासून सुरू होतो, ४ ला मोठ्या माणसाला हवा पुरत नाही असं वाटतं, आणि फुल फेस मास्कमध्ये तर इतक्या कमी दाबाला सोडलेली हवा भोकांतून नीट बाहेर जात नाही, तीच परत आत येते. रॅम्पची सुरुवात ५ किंवा ६ वर नेली किंवा रॅम्प बंदच केला तरी पुष्कळांना मोकळं वाटतं. रॅम्प बहुतेक मशीनवर रुग्णाच्या मेन्यूत असतो, ते तुम्ही बघू शकता.

पोट फुगणं. झोपेत हवा गिळली जाते, अन्ननलिकेचं खालचं झाकण दाबापुढे नमतं, सकाळी ढेकरा आणि कळा. यात मात्र दाबाचा भाग खरा असतो हे मान्य. पण आधी वरचं वेळेचं सगळं तपासा, कारण चुकीच्या वेळी ढकललं की माणूस अर्धवट जागा होतो आणि गिळतो. नाक चोंदलेलं असेल तर त्याचा इलाज आधी. जेवणाचं सांगायची मला लाज वाटते कारण मी स्वतः लोकलने घरी पोचून साडेदहाला जेवणारी, पण जेवण आणि झोप यात दोन-तीन तास जाऊ दिले तर फरक पडतो, निदान रात्रीचं जेवण हलकं. डाव्या कुशीवर झोपा, पलंगाची डोक्याकडची बाजू उचला, नुसत्या उशा रचू नका, मान दुमडली की घसा अजून बंद होतो. तरीही फुगत असेल तर डॉक्टरांना विचारायचं ते असं: ईपॅप तसाच ठेवून आयपॅप किंवा प्रेशर सपोर्ट एकाने कमी करून बघू का, आणि मशीन ऑटो असेल तर वरची मर्यादा उतरवता येईल का. नंतर एएचआय बघा, म्हणजे तासाला किती वेळा श्वास थांबतो किंवा अडतो तो आकडा. पाचच्या खाली राहतोय तर जमलं, चढायला लागला तर परत कळवा.

प्रेशर सपोर्ट वाढवल्यावर कधीकधी उलटंच होतं. श्वास इतका भरभरून मिळतो की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मग मेंदू श्वास घ्यायची आज्ञाच देत नाही आणि घसा उघडा असूनही काही सेकंद सगळं थांबतं. मशीन त्याला क्लिअर एअरवे किंवा सेंट्रल म्हणून मोजतं. रिपोर्टमध्ये हा आकडा वाढलेला दिसला तर सेटिंग स्वतः हलवायचं नाही, डॉक्टरला पाठवायचं. आणि यावर उपाय म्हणून कोणी जुनं एएसव्ही मशीन (श्वासागणिक आधार कमी-जास्त करणारं) स्वस्तात गळ्यात मारत असेल तर थांबा, २०१५ च्या सर्व्ह-एचएफ अभ्यासात हार्टचं पंपिंग ४५ टक्के किंवा कमी असलेल्या सेंट्रल अ‍ॅप्नियाच्या रुग्णांत एएसव्हीने हृदयाच्या कारणाने मृत्यू वाढलेले दिसले. हृदयाचा इको केल्याशिवाय ते मशीन घरात आणू नका. जुनं बायपॅप घेतानाही बनावटीचं वर्ष विचारा, जून २०२१ मध्ये फिलिप्सने आतला आवाज दाबणारा फोम झिजतो म्हणून लाखो मशीन परत बोलावली होती, त्यातली कुठे फिरत असतील काय सांगावं.

पावसाळ्याचं थोडं. जुलैमध्ये बाहेर हवा भिजलेली, आत एसी २३ वर, ह्युमिडिफायर कोणीतरी डिसेंबरमध्ये ५ वर ठेवलेला तसाच. पहाटे तीनला ट्यूबमध्ये गुळगुळ आवाज सुरू होतो आणि नाकात थेंब. गरम हवा थंड नळीत आली की पाणी सुटणारच. ह्युमिडिटी दोन-तीन पायऱ्या उतरवा, गरम होणारी ट्यूब असेल तर तिचं तापमान वाढवा, नसेल तर जुन्या सुती साडीची पिशवी शिवून ट्यूबवर चढवा, आणि मशीन उशीच्या पातळीच्या खाली, स्टुलावर ठेवा म्हणजे साठलेलं पाणी तुमच्याकडे न येता मागे जाईल. एसीचा झोत थेट ट्यूबवर नको. पाणी डिस्टिल्ड, आणि सकाळी उरलेलं ओतून टाकायचं, या हवेत टाकी दोन दिवस तशीच ठेवली तर तळाला बुळबुळीत थर येतो. शेजारी रिडेव्हलपमेंट चालू असेल तर फिल्टर कंपनीने सांगितलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी राखाडी होतो, काढून उजेडात बघत जा, आणि पातळ पांढरा फिल्टर धुवून परत लावू नका, तो धुवायचा नसतोच.

बदल एका वेळी एकच करा आणि तीन-चार रात्री तसाच राहू द्या. एका रात्रीवर काहीच ठरवू नका, त्या रात्री सर्दी असेल, गणपतीचा ढोल असेल, काहीही असेल. मशीनमध्ये एसडी कार्ड असेल तर काढून कॉम्प्युटरला लावा, ऑस्कर नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात रात्रभराचा प्रवाहाचा आलेख दिसतो, दोन-तीन मिनिटांएवढा मोठा करून बघितला की श्वासाचा वरचा डोंगर गोल आहे की उजवीकडून कापल्यासारखा आहे ते दिसतं. त्याचा स्क्रीनशॉट आणि असा मेसेज टेक्निशियनला पाठवा: "झोपेत मिनिटाला १२ श्वास. लीक २४ च्या खाली. आत घेण्याच्या शेवटी मशीन आधी सोडतं, सुरुवातीला त्रास नाही. टीआय मॅक्स आत्ता १.२ दिसतो. डॉक्टरांना विचारून वाढवता येईल का? प्रेशर कृपया तसंच ठेवा." असा मेसेज गेला की समोरचा फोन करतोच.

सकाळी डोकं जड, ओठ निळसर, गुंगी उतरत नाही, किंवा बोटाच्या ऑक्सिमीटरवर ऑक्सिजन ९० च्या खाली राहतोय, यातलं काही असेल तर ट्रिगर-सायकल सगळं बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठा, आणि जाताना मशीन, पॉवर कॉर्ड आणि मास्क तिन्ही पिशवीत घाला, नुसतं एसडी कार्ड घेऊन गेलात तर मास्क कसा बसतो ते कोणीच बघू शकणार नाही.